पाचशे एक रुपयांचा मान

माईकवर माझं नाव आलं तेव्हा मी तिसऱ्यांदा बुंदी मागत होतो. आधी नाव आलं, मग "आपले भाडेकरू" असं आलं, आणि मग माईकवाल्याने दम घेऊन सांगितलं, "यांच्याकडून वधूवरांस आहेर, रुपये पाचशे एक."

मी मागे वळून बघितलं. म्हटलं, माझ्या नावाचा कोणीतरी पैसेवाला मांडवात आलेला दिसतोय, ओळख करून घेऊ. पण मागे फक्त पाण्याचं पिंप होतं, आणि पुढे अख्खी पंगत माझ्याकडे बघत होती. पलीकडे बायकांच्या पंगतीत माझी बायको हातात पुरी धरून बसली होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की बुंदीवाला मला न वाढताच पुढे गेला.

आमच्या पाकिटात एकवीस रुपये होते. मी स्वतःच्या हाताने घातले होते. तेसुद्धा साध्या पाकिटात, कारण ज्या पाकिटावर रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं असतं ते महाग पडतं, असं तिचं मत. एकवीस हा आकडाही असाच ठरला नव्हता. घरमालकाच्या मुलीचं लग्न, अकरा दिले तर बरं दिसत नाही. एक्कावन्न दिले तर आपली भाजी बंद. मग एकवीस. त्याच्यावर आमची सबंध संध्याकाळ गेली होती. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत अशी लोकांची तक्रार असते. त्यांनी आमच्याकडे यायला हवं होतं. आम्ही दहा रुपयांवर दोन-दोन तास बोलायचो.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. शिरवण्याच्या गावठाणात काकांच्या दुमजली चाळीत वरची एक खोली आम्ही भाड्याने घेतली होती. काका म्हणजे घरमालक. त्यांची शेतं सरकारने घेतली, त्याचे पैसे आले, आणि त्या पैशांत त्यांनी भाताऐवजी खोल्या लावल्या. आता ते महिन्याच्या महिन्याला भाडेकरूंचं पीक काढायचे. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायचो आणि ते मांडीवर थाप मारून हसायचे.

माझ्यावर त्यांचा जीव होता, कारण मला आवाज काढता येतात. आमच्या तालुक्याच्या शाळेत मी हेडमास्तरांच्या आवाजात "घंटा दे रे" म्हणून अख्खी शाळा अर्धा तास आधी सोडली होती. एवढंच माझं शिक्षण नीट झालं. बाकीच्याच्या जोरावर मी शिरवण्याच्या मागच्या कारखान्यांच्या पट्ट्यात पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कंपनीत स्टोअरला लागलो. संध्याकाळी कंपनीतून आलो की काका ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असायचे. "अरं, तो राकेलवाला कर ना." मी राकेलवाला करायचो. मग आमचा सुपरवायझर करायचो. मग काका इकडे-तिकडे बघून हळूच म्हणायचे, "आता त्याला कर." तो म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, समोरच्या चाळीचा मालक. या दोघांचं आयुष्यभर एकच चालू होतं. याने पंखा लावला की त्याने दोन लावायचे, त्याने गच्चीवर टाकी चढवली की याने मोठी चढवायची. मी भावाचा खोकला काढला की काकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

बायको साड्यांना फॉल-बिडिंग करायची. माहेरहून आणलेली पायाची मशीन होती. एका साडीमागे धागा वगैरे जाऊन हातात सात-आठ रुपये राहायचे. माझा पगार दोन हजारांच्या आतला. आणि आम्हाला घर घ्यायचं होतं.

घर म्हणजे एक खोली, पण सरकारी सोडतीतली, स्वतःच्या नावावरची. फॉर्मसोबत पाच हजार अनामत बँकेत भरायची होती, शेवटची तारीख मे महिन्याची अखेर. चाळीत नळ खाली होता, सगळ्यांना मिळून एकच. संडासही खाली. सकाळी बादली घेऊन उभं राहायचं आणि इतर बायकांच्या सासवांची गाऱ्हाणी ऐकायची. हिला त्या नळाचा वैताग आला होता. मला ती म्हणायची, "मला काही बंगला नको. दार लावलं की नळ आत पाहिजे, बस."

म्हणून आम्ही साठवत होतो. पैसे घरात ठेवले की ते संपतात, म्हणून पोस्टात टाकायचे असा तिचा नियम. टाकायला सोपं आणि काढायला त्रास. माझी सही दर वेळी वेगळी यायची त्यामुळे मला तर पोस्टवाला काढूच द्यायचा नाही. वाचवायच्या आमच्या युक्त्या खूप होत्या आणि बऱ्याचशा अंगाशी आल्या. एकदा मी सुचवलं की गुरुवारी दोघांनी उपास धरू, एका दिवसाचा स्वयंपाक वाचेल. साबुदाणा, शेंगदाणे, तूप, बटाटे, वर लिंबू. हिशेब केला तर उपासाच्या दिवशी आम्ही इतर दिवसांच्या दुप्पट खात होतो. महिन्याभरात देवाची माफी मागून उपास सोडला. तरी कसंबसं करत पाडव्यापर्यंत पोस्टात चार हजारांच्या वर गेले. उरलेले एप्रिल-मेमध्ये सहज निघतील असं वाटत होतं, कारण लग्नसराई म्हणजे हिच्याकडे साड्यांचा ढीग.

आणि तेवढ्यात काकांच्या मुलीचं लग्न आलं आणि आमचे एकवीसचे पाचशे एक झाले.

जेवण झाल्यावर काकांनी मला जनरेटरच्या मागे बोलावलं. चेहऱ्यावर नवरीपेक्षा जास्त तेज.

"काय, खूश ना?" म्हणाले.

मी विचारलं, काका, माईकवाल्याचा चष्मा हरवलाय का. तर म्हणाले, त्याचा काय दोष नाय, मीच पाकिटात घातले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. आदल्या वर्षी भावाच्या मुलाच्या लग्नात भावाच्या भाडेकरूने, जो बँकेत होता, अडीचशेवर एक आहेर केला होता, आणि भावाने तो माईकवर दोनदा वाचायला लावला होता. "आता माज्या पोरीच्या लग्नात माज्या भाडेकरूचा एकवीस वाचायचा काय? मंग माजी काय राहिली? वरचे मी घातले. तुजाबी मान वाढला, माजाबी. कोनाला बोलू नको."

मी म्हटलं, "काका, मान तुम्हीच ठेवा, मला वरचे चारशेऐंशी रोख द्या."

ते इतके हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. नकला करणाऱ्या माणसाचा हाच वांधा आहे. खरं बोललं तरी लोकांना वाटतं, हा आता कोणाचा तरी आवाज काढतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोव्हला पंप मारता मारता बायकोने चौकशी सुरू केली. ती वकील व्हायला हवी होती.

"म्हणजे आपण किती दिले?"

"एकवीस."

"आणि गावाला काय माहितीय?"

"पाचशे एक."

"मग पाचशे एकच दिले," ती म्हणाली आणि स्टोव्ह भडकला.

मला तेव्हा तिचं म्हणणं कळलं नाही. उलट दोन-चार दिवस मला मजा वाटली. पानवाला मला शेठ म्हणाला. गावातली म्हातारी माणसं, जी आजपर्यंत माझ्याकडे दगडासारखी बघायची, ती "काय, बरा हाय ना?" विचारायला लागली. मी घरी येऊन प्रत्येकाचा आवाज काढून दाखवला. ही हसली नाही. ती पत्रिकांची वाट बघत होती.

पत्रिका आल्याच. गावात आधी भाडेकरूंना कोण लग्नाला बोलवायचं? ज्याच्या चाळीत राहतो तो, फार तर शेजारचा. आता सगळे यायला लागले. काकांचे चुलत भाऊ, काकांच्या बायकोचे माहेरचे, ज्यांचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं ते. अक्षता आणि सुपारी दारात ठेवायचे आणि वर बजावून जायचे, दोघांनी यायचं हां. आणि खरी गंमत अशी की ज्या साडीला हिने फॉल लावून दिलेला असायचा तीच साडी नेसून बाई पत्रिका द्यायला यायची. म्हणजे डाव्या हाताने आठ रुपये दिले होते ते उजव्या हाताने शंभर करून न्यायला.

आता तुम्ही म्हणाल, एकवीस द्यायचे आणि यायचं. आम्हीही तेच म्हणालो होतो. पण गावात आहेर माईकवर वाचतात. ज्या घराला आम्ही "पाचशे एक" दिलेत ते सगळ्यांनी ऐकलंय. मग पुढच्या घराला एकवीस वाचले की त्याचा अर्थ आम्ही गरीब असा होत नाही. त्याचा अर्थ असा होतो की त्या घराची आमच्या लेखी किंमत एकवीस आहे. हे मला काकींनी, म्हणजे घरमालकिणीने, फार प्रेमाने समजावलं. "त्याला पाचशे आन मना एकवीस, असा बोलतील. भांडान होईल रं." गावातलं भांडण आमच्या पाकिटावर अवलंबून होतं.

शेवटी आम्ही मधला आकडा काढला, एकशे एक. पहिले एकशे एक गेले तेव्हा मी स्वतःला समजावलं की जेवण तर झालं. दुसरे गेले तेव्हा मी जेवणही नीट जेवलो, दोन्ही वेळचं. तिसऱ्या लग्नात ही माझ्या कानात म्हणाली, "श्रीखंड सोडू नका, चौदा साड्यांचं आहे." त्या दिवसापासून प्रत्येक मांडवात मला ताटात साड्या दिसायला लागल्या. आणि खरं सांगतो, इतका राग यायचा की घास गिळवत नव्हता, आणि सोडवतही नव्हता.

राग काढायचा कोणावर, हाच प्रश्न होता. काकांवर? त्यांनी आमच्यासाठी स्वतःचे पैसे घातले होते. गावावर? गाव आम्हाला मानाने बोलवत होतं, पहिल्या पंगतीला बसवत होतं. माझा सुपरवायझर माझा पगार कापायचा तेव्हा मी निदान त्याला मनात शिव्या तरी द्यायचो. इथे सगळे चांगलेच वागत होते आणि आमचे पैसे जात होते. पोस्टात महिनाभर एक रुपया पडला नाही.

मग मी एक आयडिया काढली. माझ्या आयडियांना घरात आधीच वाईट नाव होतं, पण हिलाही दुसरं काही सुचत नव्हतं. मे महिन्यातल्या एका रविवारी दोन घरचे लोक पत्रिका घेऊन फिरणार असं कळलं होतं. शेजारच्या वहिनींना चावी दिली, बाहेरून कुलूप लावायला सांगितलं, आणि कोणी विचारलं तर दोघं गावाला गेलेत असं सांगा म्हटलं. आम्ही आत. खिडकी बंद, पंखा बंद, कारण पंखा खडखड वाजायचा. मे महिना. मी बनियनवर फरशीवर पडलो होतो आणि तोंडातल्या तोंडात आमच्या जुन्या एसटी स्टँडवरच्या अनाउन्सरचा आवाज काढत होतो, "पुणे, सातारा, कराड, गाडी लागलेली नाही, लागणार नाही." हीसुद्धा हसत होती, पदर तोंडात धरून. त्या सबंध उन्हाळ्यात आम्ही एवढंच हसलो असू.

पण तिला एक साडी संध्याकाळपर्यंत द्यायची होती. फॉल हाताने लावून झाला, बिडिंगला मशीन पाहिजे. ती म्हणाली, एवढ्यात कोणी येणार नाही, दोन मिनिटांचं काम आहे. पायाची मशीन ती. चालली की आधी कुरकुरायची आणि मग धडधडायची.

बाहेर पावलं थांबली. काकी होत्या, सोबत आणखी दोन-तीन बायका. हिचा पाय मशीनवरच थिजला. मग काकी म्हणाल्या, "बाय, यांची मशीन आपली आपली चालते." आणि दाराच्या फटीतून एक पत्रिका आत आली. मग दुसरी आली. मग एका बाईने ब्लाउजही सरकवला, त्याला काजं करायची होती.

त्यानंतर आम्ही भांड्यांवर आलो. रोख द्यायचीच नाही, भांडं द्यायचं, भांड्याची किंमत कोण माईकवर वाचतंय. आमच्या लग्नात आलेला एक मोठा स्टीलचा डबा तसाच पडून होता. पण त्याच्यावर माझ्या मावशीचं नाव कोरलेलं. भांडीवाल्याला विचारलं, नाव घासून निघेल का. तो म्हणाला, नाव जाईल, त्याच्याबरोबर बूडही जाईल. मावशीने स्वस्तातला घेतला होता हे असं कळलं. तिचाही मला तेव्हा राग आला. बिचारीने कुठे कुठे काटकसर करून तो डबा घेतला असेल ते मला समजायला पाहिजे होतं, दुसऱ्या कोणाला नाही तर मला तरी. पण त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

असं करत मेचा शेवटचा आठवडा आला. आणि त्याच आठवड्यात समोरच्या भावाच्या मुलीचं लग्न.

काकांनी मला ओट्यावर बोलावलं. नकला करायला नाही, ते लगेच कळलं, कारण खुर्ची भिंतीकडे वळवलेली होती. म्हणाले, "हितं आता दाखवायचा हाय. त्याच्या मांडवात, त्याच्या माईकवर. पाचशे एकच्या खाली नाय."

मी म्हटलं, "चालेल ना काका. मागच्या हिशेबानेच. एकवीस आमचे, वरचे तुमचे."

या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, एकदा मी घातला, आता तू घाल. तू कमावतोस, ती पन कमावते, पोरबाल नाय, गावभर एकशे एक वाटत फिरता, मंग माज्यासाठीच कमी कशाला? वरचे पैसे स्वतःच टाकलेला हा माणूस. पण गावाने इतक्या वेळा सांगितलं होतं की आता त्यांनाच ते खरं वाटायला लागलं होतं.

घरी येऊन आम्ही पैसे मांडले. पोस्टातले काढून आणले होते. वर हिच्या साड्यांचे. सगळे मिळून पाच हजार आणि वर बस-रिक्षापुरते. पगार सात तारखेला, म्हणजे शेवटची तारीख गेल्यावर. यात कुठे फट नव्हती. पाचशे एक दिले तर फॉर्म नाही. नाही दिले तर ज्या खोलीत राहतो तिचा मालक नाराज, आणि आमचा करार म्हणजे काकांनी मान हलवली होती तेवढाच. ते उद्या "खोली पाहिजे" म्हणाले असते तर आम्ही मशीन डोक्यावर घेऊन कुठे जाणार होतो?

मी म्हणालो, पुढच्या वर्षी भरू फॉर्म. काही फार जोरात नाही म्हणालो. नुसतं म्हणून बघितलं.

ती म्हणाली, "पुढच्या वर्षी काय, यांच्या घरातल्या पोरी संपणार आहेत?"

मग तिने पाकीट घेतलं आणि मला बघू न देता त्यात काय ते घातलं. लग्नाला गेलो तेव्हाही पाकीट तिच्याकडेच.

आहेर लिहायला आणि वाचायला मांडवाच्या कोपऱ्यात पुरुषांची गर्दी असते, तिकडे बायका जात नाहीत. ही सरळ गेली. मी मागून "अगं, अगं" करत. माईकवाल्याला पाकीट दिलं, त्याने ते बाकीच्यांबरोबर ठेवायला हात केला, तर ती म्हणाली, "दादा, आत्ताच उघडा. आणि जेवढे आहेत तेवढेच वाचा."

त्याने उघडलं. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग माईक जवळ घेऊन, थोड्या खालच्या आवाजात, वाचलं. माझं नाव, आपले भाडेकरू, सौभाग्यवतींच्या हस्ते, रुपये अकरा.

मला वाटलं होतं मांडव खाली येईल. काहीही झालं नाही. एक म्हातारा वाटाण्याची उसळ मागत होता, तो मागतच राहिला. बायका नवरीचे दागिने बघत होत्या. बँडवाल्यांनी सूर लावला आणि पुढचा आहेर कोणाला ऐकूही गेला नाही. दोन महिने ज्या गावाला घाबरून आम्ही कुलपात बसलो, त्या गावाने मान वर केली नाही. मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण मला इतका संताप आला की काय सांगू. मग ते एकशे एक कोणासाठी गेले? एवढ्या साड्या कोणासाठी शिवल्या हिने?

ऐकलं फक्त दोघांनी. पुढच्या खुर्च्यांवर काका आणि त्यांचा भाऊ शेजारी बसले होते. काकांनी मान वळवली नाही. भावाने वळवली, काकांकडे बघितलं, आणि हसला.

सकाळी काका वर आले. कधी जिना चढायचे नाहीत, गुडघ्यांमुळे. दारात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मी तुमच्या नावानं घातले, ते काय चुकला माजा?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघत नव्हते, हिच्याकडे बघत होते.

माझ्या तोंडाशी चार जोक आले होते. चारही गिळले.

ही म्हणाली, "काका, चुकलं नाही. पण त्या दिवसापासून आमचे पैसे आमचे राहिलेच नाहीत. आम्हाला घराचा फॉर्म भरायचाय, परवा शेवटची तारीख आहे. काल पाचशे एक दिले असते तर तो गेला असता."

"मंग मना बोलायचा ना."

"यांनी सांगितलं होतं ना जनरेटरमागे. तुम्ही हसलात."

काकांना ते आठवलं असावं. मग म्हणाले, "याचा काय खरा, काय खोटा, मानसाला कसा कलनार?" आणि एकेक पायरी करत खाली गेले. खोली सोडा म्हणाले नाहीत. भाडंही वाढवलं नाही. फक्त मला ओट्यावर बोलवायचे बंद झाले. मी कंपनीतून यायचो, ते खुर्चीत असायचे, पेपर वर करायचे. पेपर उलटा असला तरी वर करायचे.

फॉर्म भरला. बँकेत आमच्या दहा-दहाच्या नोटा मोजताना कारकुनाने विचारलं, लग्नातून उचलून आणलेत का. मी म्हटलं, नाही साहेब, लग्नातून वाचवून आणलेत. त्याला काय कळणार.

पावसाळा गेला आणि सोडतीची यादी लागली. ऑफिसच्या भिंतीवर चिकटवली होती, उन्हात उभं राहून वाचायची. हिने वरून खाली वाचली, मी खालून वर. मग बाजू बदलून परत वाचली. आमचा नंबर नव्हता. प्रतीक्षा यादीतही नव्हता. आमच्या बाजूला एक माणूस आनंदाने बायकोला हाक मारत होता, आणि मला त्याच्या पाठीत गुद्दा घालावासा वाटला, देवाशप्पथ.

परत आलो तर काका ओट्यावर. चार-पाच महिन्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "लागला काय नंबर?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"बरा झाला," काका म्हणाले. चेहरा असा उजळला की लपवता येईना. "कुठं जाता तिकरं लांब? हितं काय कमी हाय तुमाला?" आणि आत तोंड करून काकींना म्हणाले, दोन कप च्या टाक, जास्तीचा.

ही उभ्याउभ्याच म्हणाली, "काका, अनामत परत मिळणार आहे. ती आली की परत भरणार. तेव्हा नाही लागला तर त्याच्या पुढच्या वेळी."

"भर गो. मी कवा नको बोललो?" काका म्हणाले. मग खुर्चीच्या हाताला नख लावत, "दिवालीनंतर धाकल्या पुतन्याचा लगीन हाय. येल ना तुमी?"

"येऊ. वाढायलाही येऊ. पाकिटात कोणी हात घालायचा नाही, एवढं ठरवा."

चहा आला. आम्ही उभ्यानेच प्यालो. साखर भरपूर होती, आमच्या घरी टाकतो त्याच्या दुप्पट.

वर जाताना माझी पावलं आपटत होती ते मलाच ऐकू येत होतं. ही माझ्या मागून येत होती. तिने विचारलं, "राग कशाचा आलाय? नंबर लागला नाही त्याचा, की काका खूश झाले त्याचा?"

"दोन्हीचा," मी म्हटलं. "सेपरेट-सेपरेट."

"बरं," ती म्हणाली आणि दारामागची बादली माझ्या हातात दिली. "आधी खाली जाऊन रांगेत लावा. पाच वाजले की नळ जातो."